घरी आला, पण माणसांत आला का?

अपघातातून वाचलेल्या माणसाच्या घरच्यांना भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "आता कसा आहे?" घरच्यांचं उत्तरही ठरलेलं असतं, "बरा आहे." विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि सांगणाऱ्याची सुटका होते. हात मोडला असेल, पायात रॉड घातला असेल, तर हे उत्तर बऱ्याच अंशी खरंही असतं. डोक्याला मार लागला असेल तर मात्र या दोन शब्दांवर विसंबू नये, हे गेल्या तीन वर्षांत आमच्या घराने अनुभवलं आहे.

आपल्या मराठीत यासाठी एक नेमका शब्दप्रयोग आहे : माणसांत येणं. लांबलेल्या दुखण्यातून उठलेला माणूस पुन्हा चारचौघांत बसू-बोलू लागला, की घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "आता कुठे माणसांत आला." डॉक्टर मंडळी ज्याला 'कम्युनिटी इंटिग्रेशन' म्हणतात ते साधारण हेच. आणि हे माणसांत येणं मोजताही येतं. त्यासाठी गेली तीसेक वर्षं जगभर प्रश्नावल्या वापरल्या जातात. मी सॉफ्टवेअरमधली, डॉक्टर नव्हे. पण घरात गरज पडली म्हणून या प्रश्नावल्या वाचल्या, भरल्या, त्यांचे गुण मांडले. त्यातून जे कळलं ते आपल्या मंडळातल्या प्रत्येक कुटुंबाच्या कामाचं आहे असं वाटलं, म्हणून हा लेख.

कागदावरचे १५ पैकी १५

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, तीन वर्षांपूर्वी ऑफिसातून घरी येताना स्कूटरवरून पडला. वय तेव्हा ४३. एका खासगी कंपनीत हिशेब सांभाळायचा. डोक्यावर हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता, त्यामुळे ते आधीच उडालं. ११ दिवस आयसीयू, मग जनरल वॉर्ड, आणि साधारण दीड महिन्याने तो दांडिया बाजारातल्या घरी आला. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं, 'जीसीएस १५/१५'. काकूंनी तो कागद देवापुढे ठेवला. पैकीच्या पैकी गुण म्हटल्यावर दुसरं काय करणार?

हा जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातले न्यूरोसर्जन ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली तो मांडला. रुग्ण डोळे केव्हा उघडतो, बोलतो कसा, हातपाय कसे हलवतो, या तीन गोष्टींचे गुण द्यायचे. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. साधा, कुठल्याही वॉर्डात कुणालाही वापरता येईल असा, आणि म्हणूनच जगभर पोचलेला. पण तो मोजतो शुद्ध. माणूस जागा आहे का, विचारलेलं त्याला कळतं का, एवढंच तो सांगतो. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, जेनेट आणि मायकेल बाँड यांनी रुग्णाचं पुढे काय झालं हे सांगणारी पाच पायऱ्यांची दुसरी मोजपट्टी केली. तिची सगळ्यांत खालची पायरी मृत्यू आणि सगळ्यांत वरची 'चांगली सुधारणा'. तीही उपयोगाची, पण पाच पायऱ्यांत माणसाचं अख्खं आयुष्य मावत नाही.

आमच्या कामात असा प्रसंग नेहमी येतो. सर्व्हर चालू असतो, स्क्रीनवर हिरवा दिवा लागलेला असतो, आणि तरी गिऱ्हाईकांचे फोन येत असतात की लॉगिनच होत नाही. हिरवा दिवा खोटं बोलत नसतो. मशीन चालू आहे, एवढंच त्याला माहीत असतं. दादाच्या कागदावरचे १५ गुण तसेच होते.

न दिसणारी दुखापत

घरी आल्यावर पहिले काही आठवडे सगळ्यांना हायसं वाटलं. तो चालत होता, जेवत होता, जुन्या गोष्टी सांगत होता. लहानपणी कमाटीबागेत आम्ही केलेली भांडणं त्याला तारखेनिशी आठवत होती. पण सकाळी काय जेवला ते संध्याकाळी आठवायचं नाही. दोघंजण एकदम बोलायला लागले की तो उठून आत जायचा. कुकरची शिटी झाली की दचकायचा. दुपारी दोन वाजता असा थकायचा की जणू दिवसभर हमाली केली आहे. आणि ज्या माणसाने घरात कधी आवाज चढवला नाही, तो भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवू लागला.

सगळ्यांत अवघड गोष्ट कळायला सर्वांत उशीर लागला. तो आपणहून काहीच सुरू करत नसे. आंघोळीला जा म्हटलं की जाई, न सांगितलं तर दुपारपर्यंत तसाच बसून राही. येणारे-जाणारे म्हणू लागले, "आता आळशी झालाय, जरा बोला त्याला." थेरपिस्टबाईंनी समजावलं तेव्हा उलगडा झाला. कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला की काम करायची ताकद असते, पण कामाला हात घालायची कळ दाबली जात नाही. हा आळस नव्हे, दुखापतीचंच लक्षण आहे. थकवा, विसर, आवाज सहन न होणं, चटकन संतापणं, हीसुद्धा त्याचीच भावंडं. प्लास्टर नाही, काठी नाही, त्यामुळे बघणाऱ्याला दिसत काहीच नाही.

कंपनीने काही महिने वाट पाहिली आणि मग नोकरी गेली. मित्र सुरुवातीला आठवड्याला येत, मग महिन्याला, मग सणावारी. वाईट कुणीच नव्हतं. काय बोलावं हे कुणालाच कळत नव्हतं.

१५ प्रश्न, २९ गुण

अपघातानंतर साधारण एक वर्षाने थेरपिस्टबाईंनी वहिनीच्या हातात एक प्रश्नावली ठेवली. इंग्रजीत होती, म्हणून वहिनीने मला बोलावलं. नाव 'कम्युनिटी इंटिग्रेशन क्वेश्चनेअर', थोडक्यात सीआयक्यू. अमेरिकेत बॅरी विलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खास मेंदूच्या दुखापतीनंतरच्या आयुष्यासाठी तयार केली आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. डोक्याला मार लागलेल्यांचा पुढची कित्येक वर्षं पाठपुरावा करणारी एक मोठी व्यवस्था अमेरिकेत १९८७ पासून आहे. तिथेही ही प्रश्नावली बराच काळ वापरली गेली.

प्रश्न फक्त १५, आणि वाचल्यावर पहिल्यांदा वाटतं की हे काय विचारतात! घरचं वाणसामान कोण आणतं? स्वयंपाक कोण करतं? घरकाम कोण करतं? मुलांचं कोण बघतं? नातेवाईक-मित्रांना घरी बोलवायचं कोण ठरवतं? मी एकटा करतो म्हटलं तर २ गुण, कुणाबरोबर मिळून करतो तर १, दुसरंच कुणी करतं तर ०. हा झाला घराचा भाग, १० गुणांचा. दुसरा भाग लोकांतल्या वावराचा, १२ गुणांचा. पैशांचे व्यवहार कोण बघतं, महिन्यातून किती वेळा खरेदीला बाहेर पडता, सिनेमा-खेळ-हॉटेल असं काही किती वेळा होतं, मित्र-नातेवाइकांकडे किती वेळा जाता, मोकळा वेळ एकट्याने घालवता की कुणाबरोबर, आणि मनातलं बोलायला जिवाभावाचा मित्र आहे का. तिसरा भाग ७ गुणांचा. घराबाहेर किती वेळा पडता आणि नोकरी, शिक्षण किंवा सेवाभावी काम यांपैकी काय करता. सगळे मिळून २९.

दुखतं का, चक्कर येते का, आठवतं का, यातलं एकही नाही. सगळे प्रश्न रोजच्या जगण्याचे. वर्षभराचे एमआरआय आणि रिपोर्ट बघितल्यावर कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं की हा माणूस दिवसभर करतो काय आणि कुणाबरोबर करतो.

वहिनीने उत्तरं दिली, मी गुण मांडले. बेरीज झाली ८. मग आम्ही अपघाताआधीच्या दादाची उत्तरं आठवून तोच कागद पुन्हा भरला. बेरीज झाली २२. वहिनी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसली. मग म्हणाली, "बरं झालं कुणीतरी लिहून दिलं. मी सांगायचे तर लोकांना वाटायचं मी रडगाणं गाते."

आकड्यामागे बघायचं

कुठलाही आकडा समोर आला की तो कशाकशाचा बनलाय हे उघडून बघायची मला सवय आहे. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर एक विचित्र गोष्ट दिसली. घराच्या भागात अपघाताआधी दादाला १० पैकी ४ गुण होते, आणि अपघातानंतरही ४ च. एवढं आयुष्य उलटंपालटं झालं आणि घरात काहीच बदललं नाही?

कारण सरळ होतं. आधीचा दादा स्वयंपाकघरात पाण्याच्या ग्लासापुरताच जायचा. स्वयंपाक ०, घरकाम ०. वाणसामान वहिनीबरोबर, मुलीचा अभ्यास वहिनीबरोबर, म्हणून १-१. आणि पाहुणे बोलवायचं खातं पूर्ण त्याचं, त्याचे २. आता थेरपीचा भाग म्हणून तो भाजी निवडतो, कपडे वाळत घालतो, त्याचे १-१ आले. पाहुणे बोलवायचं मात्र पार थांबलं, तिथे २ चे ० झाले. जमाखर्च बरोबर जुळला. कागदाच्या हिशेबाने घरात काहीच हरवलं नव्हतं. काकूंना विचाराल तर घरातली सगळ्यांत मोठी पोकळी तीच होती, कारण दर रविवारी चार माणसं जेवायला आणणारा मुलगा आता कुणालाच बोलवत नव्हता.

म्हणजे ही मोजपट्टी चुकीची का? तसं मला वाटत नाही. तिचा जन्म अशा देशात झाला जिथे बरेचदा माणूस एकटा किंवा नवरा-बायको दोघंच राहतात, आणि आपलं वाणसामान आपण आणता येणं हा स्वावलंबनाचा पुरावा असतो. आपल्याकडे सासू, सुना, काका, कामाला येणाऱ्या मावशी अशी कामांची वाटणी आधीच झालेली असते. स्त्री-पुरुषांचाही फरक आहे. घराच्या भागात स्त्रियांचे गुण पुरुषांपेक्षा जास्त येतात हे तिकडच्या अभ्यासांतही दिसलं आहे. म्हणून दादाची तुलना दुसऱ्या कुणाशी करून काही हाती लागणार नाही. तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या जगण्याशीच करायला हवी, आणि तीही एका बेरजेने नव्हे तर एकेका ओळीने. शेजारच्या काकांनी आयुष्यात चहा केला नसेल तर त्यांना चहा जमत नाही म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. पण ते रोज सुरसागरला फेरी मारत असतील आणि आता मारत नसतील, तर ती ओळ महत्त्वाची.

दोघांची उत्तरं वेगळी

थेरपिस्टबाईंनी सांगितल्याप्रमाणे तीच प्रश्नावली दादाकडूनही भरून घेतली. त्याची बेरीज १० आली, वहिनीपेक्षा दोनने जास्त. फरक एकाच प्रश्नाचा होता. जिवाभावाचा मित्र आहे का? वहिनी म्हणाली, नाही. दादा म्हणाला, आहे. आणि त्याने कॉलेजातल्या एका मित्राचं नाव सांगितलं. तो मित्र त्याआधी सात-आठ महिने आलेला नव्हता.

मेंदूच्या दुखापतीत अनेकांना स्वतःत झालेले बदल पुरते उमगत नाहीत, म्हणून घरच्यांची उत्तरंही घेतात. पण घरच्यांचं उत्तर म्हणजेच सत्य असंही नाही. थकलेली बायको, घाबरलेली आई, दूर राहणारा भाऊ, प्रत्येकाचा चष्मा वेगळा. वहिनीने मोजल्या त्या भेटी. दादाने मोजली ती मैत्री. माझ्या मते दोघंही खरं बोलत होते.

हाच विचार करून कॅनडातल्या मेरी अॅन मॅकॉल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वेगळी वाट काढली. त्यांनी आधी मेंदूची दुखापत झालेल्या माणसांनाच विचारलं की समाजात मिसळून जाणं म्हणजे तुमच्या लेखी काय? त्या उत्तरांतून दहा वाक्यांची 'कम्युनिटी इंटिग्रेशन मेझर' तयार झाली. यात किती वेळा बाहेर पडलात याची मोजदाद नाही. आपण या वस्तीतले आहोत असं वाटतं का, इथले रस्ते माहीत आहेत का, इथल्या रीतीभाती कळतात का, लोक आपल्याला स्वीकारतात का, जवळची माणसं आहेत का, रस्त्यात ओळखीने हाक मारणारे लोक आहेत का, दिवसातला मुख्य वेळ काही उपयोगाच्या कामात जातो का, असे प्रश्न आहेत. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण १० ते ५०.

मी त्याचं घरगुती मराठी करून दादाला एकेक वाक्य वाचून दाखवलं, मध्ये विश्रांती घेत, दोन दिवसांत. रस्ते माहीत आहेत का? "मांडवीपासून रावपुऱ्यापर्यंत डोळे मिटून जाईन," ५ गुण. जवळची माणसं? ५ गुण. लोक स्वीकारतात का? इथे तो थांबला. मग म्हणाला, "लोक माझ्याशी मोठ्याने आणि हळूहळू बोलतात. मी बहिरा झालोय का?" त्याने १ दिला. उपयोगाचं काम? पुन्हा १.

सीआयक्यूच्या कागदावर हे आम्हाला दिसलं नसतं. आणि या दहा वाक्यांवरून तो आठवड्यातून किती वेळा घराबाहेर पडतो हे कळलं नसतं. म्हणून एकच मोजपट्टी पुरत नाही. बाहेरून दिसणारं वागणं आणि आतून वाटणारं आपलेपण, दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवावी लागते. जगही बदलतं. ऑस्ट्रेलियात सीआयक्यूची जी सुधारित आवृत्ती झाली, तिच्यात इंटरनेट आणि फोनवरून लोकांशी ठेवलेल्या संपर्काचे प्रश्न घातले आहेत. दादाच्या बाबतीत ते चपखल बसतं. पाच माणसांच्या गप्पांत तो हरवतो, पण व्हॉट्सअॅपवर सावकाश वाचून, विचार करून उत्तर देऊ शकतो. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर उत्तरायणच्या जुन्या फोटोंत कोण कोण आहे हे ओळखण्यात त्याचा हात कुणी धरत नाही.

८ वरून १५

कागदांचा पहिला उपयोग असा झाला की आम्ही 'दादा बरा व्हावा' या मोघम इच्छेवरून ठरावीक ओळींवर आलो. कुठली ओळ हलवता येईल? नोकरी लगेच शक्य नव्हती. पण तिसऱ्या भागात सेवाभावी कामालाही गुण आहेत. वहिनीने मंडळाच्या वाचनालयात विचारलं. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी दीड तास, परत आलेली पुस्तकं क्रमांकाप्रमाणे कपाटात लावायची. सकाळची वेळ, कारण तेव्हा तो ताजा असतो. गर्दी नाही, लाऊडस्पीकर नाही. काय-काय करायचं ते सात ओळींत लिहिलेलं कार्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. सुरुवातीला वहिनी बरोबर बसायची, दोन महिन्यांनी सोडून परत यायची, आता तो एकटा जातो.

मध्ये बिघाडही झाले. एकदा वाचनालयातच कार्यक्रमाची तयारी चालू होती, माइकची चाचणी झाली आणि तो तडक निघून आला. एकदा एका सभासदावर ओरडला. व्यवस्थापक काकांनी त्या सभासदाला बाजूला घेऊन दोन वाक्यांत सगळं समजावलं आणि पुढच्या खेपेला दादाला नेहमीसारखंच "या, पुस्तकं वाट बघतायत" म्हणाले. नवरात्रात गरब्याचा आवाज रात्रीपर्यंत असतो, त्या दिवसांत झोप पुरत नाही, म्हणून तेव्हा सुट्टी. उत्तरायणला तो गच्चीवर गेला. तोल जातो म्हणून पतंग उडवला नाही, भिंतीला टेकून भाचीची फिरकी धरली. 'फिरकी धरली' याला कुठल्याच प्रश्नावलीत गुण नाहीत, पण आमच्याकडे त्याचा फोटो आहे.

दीड वर्षाने वहिनीने पुन्हा प्रश्नावली भरली. बेरीज १५. आधीच्या ८ वर सात गुण वाढले होते. ते कुठून आले हे मी ओळीने काढलं. बँकेचे व्यवहार आता दोघं मिळून बघतात, १. खंडेराव मार्केटला तो महिन्यातून पाच-सहा वेळा जातो, १. हे दोन गुण थेरपीचे आणि त्याच्या मेहनतीचे. उरलेले पाच बघा. वाचनालयाचं काम, २. मोकळा वेळ आता फक्त घरच्यांबरोबर जात नाही, १. कुणीतरी बोलावतं म्हणून अधूनमधून नाटकाला, सेव-उसळ खायला जाणं होतं, १. आणि वहिनीच्या मदतीने तो पुन्हा एखाद्या रविवारी कुणाला तरी जेवायला बोलावतो, १. हे पाचही गुण दादाने एकट्याने कितीही जोर लावला असता तरी मिळाले नसते. कुणीतरी काम दिलं, कुणीतरी बोलावलं, कुणीतरी आमंत्रण स्वीकारून जेवायला आलं, तेव्हा ते त्याच्या कागदावर चढले.

मला या सगळ्या मोजणीतली मुख्य गोष्ट हीच वाटते. प्रश्नावलीवर नाव रुग्णाचं असतं, पण निम्म्याहून जास्त उत्तरं आजूबाजूच्या लोकांच्या हातात असतात. 'मित्रांकडे किती वेळा जाता' या प्रश्नाला ० आला, तर तो फक्त जाणाऱ्याचा नाही, न बोलावणाऱ्यांचाही आहे.

ज्यांची नोंदच नाही

दादासारखी घरं किती असतील? केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांमध्ये सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा होता, ४४ टक्क्यांहून जास्त. हे आकडे इथे थांबतात. जखमींपैकी किती जणांच्या डोक्याला मार होता, घरी गेल्यावर किती जण कामावर परतले, किती जण खिडकीशी बसून राहिले, हे त्या तक्त्यात नाही.

कायद्याच्या कागदावरही ही दुखापत अर्धवटच दिसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे. मेंदूच्या दुखापतीला तिच्यात वेगळी ओळ नाही. हात-पाय, वाचा, मानसिक आजार अशा ज्या खात्यात तिचा परिणाम बसेल, तिथून प्रमाणपत्राची वाट काढावी लागते. अशा वेळी एक-दीड वर्षाच्या अंतराने भरलेल्या दोन प्रश्नावल्या जवळ असणं उपयोगी पडतं. नव्या डॉक्टरांना पाच मिनिटांत चित्र कळतं. थेरपी चालू ठेवायची की बदलायची हे ठरवताना अंदाजापेक्षा बरं काहीतरी हाताशी असतं. आमच्या थेरपिस्टबाई म्हणतात, गुण कमी आले म्हणून घाबरायचं नाही, ओळ थांबली तर विचारायचं की का थांबली.

आपल्या हातातले गुण

आपल्या मंडळात असं घर असेल तर काय करता येईल, हे अनुभवावरून सांगते. यातलं काहीच खर्चाचं नाही.

भेटायला जाताना आधी फोन करून वेळ ठरवा, शक्यतो सकाळची. एकेकाने जा, वीस मिनिटं बसा. चौघांनी जाऊन दोन तास बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. जाताच "ओळखलंस का मला?" असं विचारू नका. आपण प्रेमाने विचारतो, पण समोरच्यासाठी ती तोंडी परीक्षा असते आणि नापास झाल्याचं त्याला समजतं. आपलं नाव आपणच सांगा, "मी अमका, आपण शाळेत एका बाकावर होतो." टीव्ही बंद करा. एका वेळी एकच विषय बोला. उत्तराला वेळ लागला तर वाक्य पुरं करून देऊ नका. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बायकोला विचारू नका, त्यालाच विचारा.

तो आपणहून फोन करणार नाही. म्हणून आमंत्रण पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. तीनदा नाही म्हणाला तरी चौथ्यांदा बोलवा, आणि "ये" म्हणण्यापेक्षा "मी साडेनऊला घ्यायला येतो" म्हणा. एखाद्या दिवशी चिडला तर तो दिवस सोडून द्या, माणूस सोडू नका. आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईला किंवा बाप्याला महिन्यातून एखादी दुपार मोकळी मिळेल असं काही करा. वहिनीचे गुण कुठल्याच प्रश्नावलीत मांडत नाहीत. मांडले असते तर मैत्रिणींकडे जाण्याच्या ओळीत त्या पहिल्या वर्षी तिलाही ० च आला असता.

गणेशोत्सवाच्या तयारीसाठी लवकरच मंडळाची बैठक होईल आणि कामांची यादी निघेल. आरतीची पुस्तकं मोजून लावणं, पाकिटांवर पत्ते चिकटवणं, प्रसादाच्या पुड्या बांधणं, अशी शांत जागी बसून करायची कामं त्या यादीत असतातच. त्यांतलं एखादं बाजूला ठेवा आणि अशा घरी फोन करा. वहिनीशी बोला, काकूंची चौकशी करा, आणि मग म्हणा, "जरा त्याला फोन द्या. यातलं कुठलं काम घेणार, ते त्यालाच विचारायचं आहे."